नांगराची निशाणी

दिवाळीत मुलांनी मातीचे किल्ले करावेत ही आपली जुनी चाल. पार्ल्याच्या बंगल्यांना अंगणे होती तोवर मातीला तोटा नव्हता. आता सोसायटीच्या फरशी घातलेल्या आवारात ती पोत्यातून विकत आणावी लागते. तरीही किल्ला होतो. त्याच्या उतारावर आळीव पेरले जातात, शिखरावर महाराज बसतात, आणि दरवाजाच्या दुप्पट उंचीचा एखादा मावळा पहाऱ्याला उभा राहतो. त्या मावळ्याच्या मापाविषयी कोणा इतिहाससंशोधकाने आजवर तक्रार केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, आणि कोणी करूही नये. खेळात इतिहास पाहायला जाणाऱ्याने एक डोळा मिटून घ्यायचा असतो.

परंतु अलीकडे घरोघरी दुसऱ्या एका जातीचा किल्ला आला आहे, आणि तो मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहावा असा आहे. संगणकावरचे राज्यकारभाराचे खेळ म्हणतो ते मी. गोळ्या झाडण्याचे खेळ वेगळे. हे पट मांडून बसायचे खेळ. बुद्धिबळाला नकाशा, खजिना, वारसहक्क आणि तह यांची जोड दिली तर जे होईल ते. त्यांतला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा चौथा भाग २०१३ साली स्वीडनमधील पॅराडॉक्स या मंडळीने काढला. त्याचा पट ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला मांडला जातो. दिवससुद्धा ठरलेला! जे लोक आपला खेळ तारीखवार सुरू करतात त्यांनी इतिहासाशी नाते सांगितले आहे, आणि नाते सांगितले की हिशेब विचारण्याचा हक्क आलाच.

हिशेब विचारला तो माझ्या पुतण्याच्या मुलाने. वय वर्षे तेरा. इंग्लंडचे राज्य चालवून कंटाळल्यावर त्याने दख्खनकडे मोहरा वळवला होता. मला म्हणाला, “आजोबा, इंग्लंड घेतले की पार्लमेंट मिळते. आपल्याकडे तेव्हा सभाच नव्हत्या का?” पार्ल्यात बसून पार्लमेंटची चौकशी करणाऱ्या या चिरंजीवांना ‘होत्या’ एवढे सांगून मी सुटलो असतो. पण त्याचा पुढचा प्रश्न असा आला, “मग मते किती असायची?”

या प्रश्नावर एक दिवाळी अंक निघेल. संपादकांनी तेवढी जागा दिलेली नाही. तेव्हा मुद्द्याचेच सांगतो.

आधी खेळात सभा कशी असते ते पाहू, कारण हा मजकूर वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नसेल. ‘युरोपा’च्या २०१५ च्या एका पुरवणीत पार्लमेंट आले. खेळणारा आपल्या काही प्रांतांना सभेत जागा देतो. मग एक विषय मांडला जातो. कर वाढवावा, सैन्य वाढवावा, असा काहीतरी. एकेक जागा बाजूने वळवावी लागते, आणि ती वळवण्यासाठी त्या जागेला काही ना काही द्यावे लागते. पुरेशा जागा वळल्या की ठराव पास आणि काही वर्षे त्याचा लाभ. त्याच मंडळींच्या ‘क्रुसेडर किंग्ज’च्या दुसऱ्या भागाला २०१६ साली जी पुरवणी जोडली तिच्यात राजाचे सल्लागार मंडळ मतदान करते, बलाढ्य सरदाराला मंडळात घेतले नाही की तो रुसतो, आणि रुसलेला सरदार बंडाकडे झुकतो. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये तर मराठे हे खेळता येणारे एक राज्यच आहे. तिथे खात्यांचे मंत्री आहेत, त्यांना गुणांप्रमाणे तारका आहेत, नालायक ठरला की काढून दुसरा बसवावा, अशी सोय आहे.

या सर्व ठिकाणी सभेचे काम एकच : पुढे काय करावे ते ठरवणे. आणि ठरवण्याची रीतही एकच : मोजणे. मला या दोन्ही गोष्टी खटकतात. मध्ययुगात आपल्याकडे सभा होत्या, पुष्कळ होत्या. परंतु त्या बहुतांशी ‘काय करावे’ हे ठरवायला बसत नसत. त्या ‘काय खरे’ हे ठरवायला बसत. शेत कोणाचे, पाटीलकी कोणाची, शिव कुठून जाते, कोण कोणाचा भाऊबंद, मान आधी कोणाचा. आणि खरे काय हे डोकी मोजून कसे ठरणार? दहा जणांनी हात वर केले म्हणून ओढा गावाच्या पलीकडून वाहू लागत नाही.

लांब कशाला जावे? चर्चगेटकडून येणाऱ्या गाडीत पार्ल्याला न उतरता तसेच बसून राहिले तर चार-पाच स्टेशनांत मालाड येते. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त या मालाडच्या एका सभेची हकीकत आहे. वर्ष शके १३७०, म्हणजे १४४८. खेळाचा पट मांडला जातो त्यानंतर पुरती चार वर्षेही झालेली नाहीत! उत्तर कोकणातली आपल्या लोकांची सत्ता जाऊन शंभरेक वर्षे लोटली होती. माहीम गुजरातच्या सुलतानाकडे राहावे की बहामनीकडे, यावरून त्याआधी वीस वर्षांच्या आत लढाया होऊन गेल्या होत्या आणि त्यात गुजरातचा वरचष्मा राहिला होता. अशा वेळी मालाडच्या नायकोराव नावाच्या देसायाला देवीचा दृष्टांत झाला, त्याने केशवाचार्यांना पुढे केले आणि लोकांना जमवले, असे बखर सांगते. जमून त्यांनी काय केले? लढाई पुकारली नाही. कर बसवला नाही. कुळे सांगितली, वंश सांगितले, कोणाचा आचार कोणता ते सांगितले, आणि ते लिहून ठेवले. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द आपल्याला रामदासांमुळे परिचयाचा. तो या बखरीत त्यांच्या किती तरी आधी येतो.

बखर ती बखर. निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या काळी लिहिलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत, आणि तिच्यातल्या बिंबराजाच्या कथेवरून विद्वानांत पुष्कळ लेखण्या झिजल्या आहेत. दृष्टांत ज्याला मानायचा त्याने मानावा. पण सभेची जी कल्पना त्या लिहिणाराच्या मनात होती ती तर आपल्या हाती लागतेच, आणि माझे काम तेवढ्यावर भागते. राजा नाही, दरबार नाही, अशा स्थितीत लोक एकत्र येतात ते आपण कोण याची याद ताजी करायला. खेळाच्या पटावर १४४८ साली या जागी गुजरातचा रंग चढवलेला असतो. त्या रंगाखाली मालाडला माणसे जमली आहेत याची खेळाला खबरही नाही.

आणखी चारशे वर्षे मागे जायचे असेल तर मात्र दादरला गाडी बदलून भांडुपला जावे लागेल. तिथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. षट्षष्टी विषयातील, म्हणजे आपल्या साष्टीतील, नौर गावचे एक शेत एका ब्राह्मणाला दिल्याचा हा लेख. दान राजाचे, पण राजा ते एकट्याने देऊन मोकळा होत नाही. अमात्य, सांधिविग्रहिक अशा अधिकाऱ्यांची नावे येतात आणि मग राजा नगरवासीयांना, ‘पौर’ आणि ‘त्रिवर्ग’ यांना उद्देशून आपण काय करीत आहोत ते कळवतो. याच ठिकाणी ‘हंयमन’ किंवा ‘हंजमन’ असा एक चमत्कारिक शब्द आहे. काहींनी तो संजाण बंदराचे नाव मानला, तर काहींना त्यात फारसी ‘अंजुमन’, म्हणजे मंडळी, सभा, ऐकू आला. दुसरा अर्थ खरा धरला तर एक हजार वर्षांपूर्वी ठाण्याच्या राजाला व्यापार करणाऱ्या परदेशी लोकांच्या पंचायतीलाही आपले दान कळवावेसे वाटत होते. मला हा अर्थ आवडतो. पण आवडणे म्हणजे पुरावा नव्हे. या ताम्रपटातही कोणाचे मत घेतलेले नाही. घेतलेली आहे ती साक्ष. उद्या कोणी त्या शेतावर हक्क सांगू लागला तर ‘आम्हाला ठाऊक आहे’ असे म्हणणारी माणसे हवीत, म्हणून त्यांना आज सांगून ठेवायचे.

हेच तत्त्व पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या गोतसभेत पूर्ण वाढलेले दिसते, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण खेळ करणाऱ्यांना मी जर काही दाखवू शकलो तर हेच दाखवीन. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. या विषयात तो अजून बाजूला सारता येत नाही.

समजा, एका गावच्या पाटीलकीवर दोन घराणी हक्क सांगत आहेत. पहिला अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. सभा बसते. दिवाणाचे, म्हणजे सरकारचे, अधिकारी असतात. परगण्याचे देशमुख-देशपांडे असतात. बाजारपेठेचे शेटे-महाजन असतात. आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, आणि त्या गावचे बलुते. सर्वांत आधी दोन्ही वादी एक कागद लिहून देतात, की ही सभा जो निवाडा करील तो आम्हाला मान्य. या कागदाला राजीनामा म्हणत! आपण आज राजीनामा देतो तो खुर्ची सोडताना. त्या काळी तो द्यायचा तो बसताना. ‘राजी आहे’ असे लिहून दिल्याशिवाय सभा कामाला हातच लावीत नसे. शिवाय जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या. घराण्याची हकीकत सांगणारे करीने. मग कागदपत्र, भोगवटा, आणि मग साक्षीदार. गावात पक्षपात होईल अशी भीती एखाद्या वादीने दाखवली तर वाद दुसऱ्या ठिकाणी नेण्याची सोय होती. त्याला परस्थळ म्हणत. साक्ष देवळात किंवा नदीकाठी शपथेवर. आणि एवढे करूनही खरे-खोटे कळेना तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करायची, आणि नेमल्या दिवशी पिशवी सोडून हात पाहायचा.

दिव्याचे कौतुक करण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु ज्या सभेला पाच विरुद्ध चार असा निकाल देऊन मोकळे होता आले असते, तिने तसे न करता माणसाचा हात उकळत्या कढईत घालायला लावावा, यावरून मते मोजण्याची कल्पना तिच्यापासून किती दूर होती हे कळते.

निवाडा झाला की महजर लिहिला जाई. सुरुवातीला सभेला कोण कोण हाजिर होते त्यांची नावे, मग हकीकत, मग निवाडा. आणि खाली, लिहिता न येणाऱ्यांच्याही, निशाण्या. पाटलाचा नांगर. न्हाव्याचा आरसा. परटाची मोगरी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांची आपापल्या हत्याराची खूण. जुन्या महजरांवर ही चिमुकली चित्रे पाहताना मला नेहमी वाटत आले आहे की आपल्याकडच्या राज्यघटनेचे एक पान आपण वाचायचे विसरलो आहोत. ज्याच्या निशाणीची जागा कागदावर असे, त्याच्या ठाऊक असण्याला किंमत होती. निवाडा ज्याच्या बाजूचा झाला त्याने हरकी भरायची, हरला त्याने गुन्हेगारी. म्हणजे सरकारला दोन्हीकडून पैसे. या एका बाबतीत खेळवाल्यांचे राज्यशास्त्र अगदी अचूक आहे.

आता कोणी म्हणेल, की हे झाले आपले. पण इंग्लंडचे पार्लमेंट तरी खेळात बरोबर आहे ना? तेही मला पटत नाही. पहिल्या एडवर्डच्या काळी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, पार्लमेंटापुढे अर्जांचे गठ्ठे येत आणि त्यांचा निवाडा होई. तिथले लोक आपल्या पार्लमेंटला अभिमानाने ‘उच्च न्यायालय’ म्हणत. फ्रान्समधले ‘पार्लमाँ’ तर राज्यक्रांतीपर्यंत न्यायकोर्टच राहिले. आइसलंडची आल्थिंग सभा ९३० सालापासूनची. तिथे कायदा पाठ असलेला एक माणूस तो सर्वांना म्हणून दाखवी आणि भांडणे तिथे निकालात निघत. तमिळ देशातील उत्तिरमेरूरच्या ९१९ आणि ९२१ च्या शिलालेखांत गावसभेच्या समित्या निवडण्याची पद्धत दिली आहे. तिला आपण मोठ्या अभिमानाने निवडणूक म्हणतो. पण तिथेही नावे लिहिलेली पाने मडक्यात घालून लहान मुलाकडून चिठ्ठी काढवायची असे. गोव्याच्या गावकरीत, जिचे नियम पोर्तुगीजांनी १५२६ साली फोरालमध्ये लिहून घेतले, माणसाला स्थान होते ते त्याच्या वांगडामुळे, म्हणजे कुळामुळे. मोजून निकाल काढण्याची सवय जगाला हळूहळू लागली. खेळ करणाऱ्यांनी ती सगळीकडे आणि सगळ्या शतकांत वाटून टाकली, कारण संगणकाला मोजणे तेवढे येते.

तथापि मी त्यांना अगदीच नापास करणार नाही. ‘युरोपा’च्या २०१८ च्या पुरवणीला त्यांनी ‘धर्म’ हेच नाव दिले. तीत हिंदुस्थानातल्या राज्यांना ब्राह्मण, मराठे, राजपूत, वैश्य, जैन असे वर्ग दिले आहेत. प्रत्येक वर्गाचे राज्यात वजन किती आणि तो राजाशी एकनिष्ठ किती, हे दोन काटे सतत हलत असतात. वजन वाढले आणि निष्ठा घटली की राजाची झोप उडते. हे पाहिल्यावर मला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तले वृत्तिवंतांवरचे प्रकरण आठवले. वतनदार म्हणजे लहान लहान नायकच. त्यांना फार वाढू देऊ नये आणि दुखवूही नये, हीच त्यातली शिकवण. अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास जे लिहिले ते स्टॉकहोमच्या मंडळींनी दोन काट्यांत बसवले, आणि ते बरेच बसले आहे. याला मी शाबास म्हणतो.

‘एम्पायर’ला मात्र म्हणणार नाही. त्या खेळाचा पट १७०० साली मांडतात आणि त्यावर मराठ्यांचे मंत्रिमंडळ तारका लावून तयार असते. १७०० साली आपली अवस्था काय होती? रायगड १६८९ मध्ये गेला. जिंजी १६९८ मध्ये गेली. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला. राजधानी घोड्याच्या पाठीवर होती. लहान मुलाच्या नावाने राज्य चालवायला पंचविशीतली ताराबाई उभी राहिली. १६७४ च्या राज्याभिषेकात जे अष्टप्रधान नेमले त्यांची पदे नावाला होती; परंतु त्या अष्टप्रधानांतही न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांनी प्रसंगी मोहिमेवर जायचे असे. दिवाणखान्यात बसून खाते चालवणारा आणि तारका कमी झाल्या की बदलला जाणारा मंत्री ही कल्पनाच त्यात नव्हती. आणि ज्या ‘मराठा मंडळा’चे नाव हा खेळ देतो ते शिंदे-होळकर-गायकवाड-भोसल्यांचे मंडळ बनायला अजून काही दशके जायची होती.

खरे मंडळ पाहायचे असेल तर बारभाईंचे पाहावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आणि आणखी मंडळी एक झाली, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला तेव्हा चाळीस दिवसांच्या आत त्याच्या नावाची पेशवाईची वस्त्रे आली. खेळाच्या दृष्टीने हे आयतेच सल्लागार मंडळ आहे. परंतु यांनीही आपसात मतदान केले नाही. यांना बांधणारी गोष्ट एकच होती : हे मूल नारायणरावांचे आहे आणि गादी त्याची आहे, हे खरे. पुन्हा ‘काय खरे’! ते खरे नव्हे असे म्हणणारे रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले, आणि त्या भांडणात डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. साष्टी गेली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची गेली. १७३७ साली पोर्तुगीजांकडून सुटलेले आमचे पार्ले अशा रीतीने जेमतेम सदतीस वर्षे मराठी राज्यात राहून पुन्हा टोपीवाल्यांच्या हाती लागले. पार्लेकरांनी बारभाईंवर थोडा राग धरायला हरकत नाही, रघुनाथरावांवर जास्त धरावा.

हा झाला खेळवाल्यांचा हिशेब. पण आपलाही एक हिशेब राहतो, आणि तो चुकता केल्याशिवाय त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. १८३० साली सर चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी खेडी म्हणजे छोटी छोटी लोकसत्ताक राज्येच, असे लिहून ठेवले. हा गोड घास आपल्याकडच्या देशभक्तांनी शंभर वर्षे चघळला. खेळ आपल्याला नसलेली मते देतो. मेटकाफने आपल्याला नसलेला स्वर्ग दिला. अळतेकरांनी १९२७ साली पश्चिम हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांवर लिहिताना दक्षिणेतल्या नियमबद्ध सभा आणि आपल्याकडची सैल पंचायत यांतला फरक दाखवून दिला होता; पण तो ऐकायला कोणाला सवड नव्हती.

महजरावर महाराचीही निशाणी असते. शिवेच्या तंट्यात तर त्याच्याच साक्षीला मोल. शिव कुठून जाते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे. त्याच्या शब्दावर दोन गावे आपली हद्द बदलीत. आणि तो शब्द तो जिथून बोले ती जागा चावडीच्या आत नव्हती. कागदावर निशाणी आणि पायरीखाली उभे राहणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच दिवशीच्या आहेत. ज्या वतनामुळे त्याची निशाणी कागदावर होती त्याच वतनाने तो राबणुकीला बांधलेला होता, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणले. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या या लोकसत्ताक चित्रावर जी झोड उठवली ती तिथे बसलेल्या पुष्कळांना झोंबली. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. मतांची मोजणी त्या माणसाला उशिरा मिळाली, पण ती मिळाली तेव्हाच त्याचे एक हे पाटलाच्या एकाइतके झाले. तेव्हा ‘आमच्याकडे मोजत नसत’ हे सांगताना मला मिशीला पीळ देता येत नाही. जिथे मोजत नाहीत तिथे तोलतात, आणि तराजू कोणाच्या हाती असे ते आपल्याला ठाऊक आहे.

गोतसभा मेली कशी, हेही थोडक्यात सांगतो. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष सांगूनही ती टिकवावी असाच कौल दिला. त्याने प्रयत्नही केला. पण १८२७ साली त्याच्याच कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे नवे कायदे झाले, कोर्टे आली, आणि कोर्टात जाता येते हे कळल्यावर राजीनामा लिहून द्यायला हरणारा वादी तयार होईना. दोघेही ‘राजी आहे’ म्हणाले तरच जी सभा बसू शकत होती, ती एकाने ‘नाही’ म्हणताच उठली. कोणी तिच्यावर बंदी घातली नव्हती.

तेव्हा त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की मते शून्य, आणि तरी सभा होती. हे खेळात कसे दाखवावे, असे त्याने लगेच विचारलेच. मी त्याला सांगितले : आकडा दाखवूच नये. एक लांब कागद दाखवावा. आधी दोन्ही वाद्यांची राजी मिळवायची. ती मिळेपर्यंत कागद उलगडणारच नाही. मग एकेक निशाणी खाली उमटेल, नांगर, आरसा, मोगरी. जो आपल्या खुणेला तयार नाही त्याची जागा कोरी राहील, आणि ती कोरी जागा पुढच्या पिढीत पुन्हा भांडण म्हणून उभी राहील. आणि ज्याला आत घेतलेले नाही त्याची निशाणी कागदावर उमटताना तो कुठे उभा आहे तेही चित्रात दिसावे. स्वीडनमधल्या कोणाला हा खेळ करावासा वाटला तर निशाण्या काढायला चित्रकार नेमण्याचे कारण नाही. पुण्याला सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालापासूनचे. तिथल्या दप्तरांत नांगर आहेत, आरसेही आहेत.